नव्याण्णववर थबकलेली समीक्षा

१५ मे २००९ रोजी ‘९९’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा देशाचे लक्ष दुसरीकडेच होते. दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीची मतमोजणी होती. निवडणुकीमुळे सुरक्षेचा प्रश्न उभा राहिल्याने आयपीएलचा दुसरा हंगाम दक्षिण आफ्रिकेत खेळवला जात होता. निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून वाद पेटल्याने मोठे हिंदी चित्रपट अडकून पडले होते. त्या दुष्काळात राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या हिंदीत तोवर फारशा परिचित नसलेल्या जोडीचा, क्रिकेटवरील सट्ट्याभोवती फिरणारा गुन्हेगारी विनोदपट पडद्यावर आला. कथेचा काळ १९९९-२०००चा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए मॅच फिक्सिंगमध्ये अडकला तो. क्रोनिएच्याच देशात आपली आयपीएल रंगात आलेली असताना हा चित्रपट इकडे झळकावा, हा योगायोग बोलका होता.

समीक्षकांनी ‘९९’चे स्वागत एकंदरीत चांगले केले. बोमन इराणी यांचा अभिनय, खटकेबाज संवाद, दशकभरापूर्वीच्या मुंबई-दिल्लीचे बारकावे, आचरटपणाचा आधार न घेता साधलेला विनोद या गोष्टी वाखाणल्या गेल्या. तक्रार होती ती लांबीची. पूर्वार्ध रेंगाळतो, कथा रुळावर यायला वेळ घेते, असे बऱ्याच जणांना वाटले. एकूण निकाल असा, की हुशार, हलकाफुलका, एकदा पाहण्याजोगा चित्रपट. तिकीटखिडकीवर त्याने माफक कमाई केली आणि पुढे तो चोखंदळ प्रेक्षकांच्या आवडत्या यादीत जाऊन बसला. राज-डीके जोडीने नंतर ‘शोर इन द सिटी’, ‘गो गोवा गॉन’, ‘द फॅमिली मॅन’ आणि ‘फर्जी’ केले, तेव्हा ‘त्यांचा सुरुवातीचा गमतीदार चित्रपट’ एवढीच ‘९९’ची ओळख उरली.

हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. तो अपुरा आहे. समीक्षकांनी विनोद चांगला आहे की नाही हे पाहिले. हा विनोद नेमका कशाविषयी आहे, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणणारा कायदा संमत केला. ‘ड्रीम इलेव्हन’ ही भारतीय संघाच्या जर्सीवरील प्रायोजक कंपनी त्यामुळे मागे हटली आणि सट्ट्याचा प्रश्न पुन्हा चर्चेच्या मध्यभागी आला. अशा वेळी ‘९९’कडे आणि त्याच्या परीक्षणांकडे पुन्हा पाहणे उपयोगाचे ठरते. सट्ट्यासंबंधी आपण काय पाहतो आणि काय पाहायचे टाळतो, याचा तो एक नमुना आहे.

कथानक थोडक्यात असे. मुंबईत मोबाइलची बनावट सिमकार्डे तयार करून पोट भरणारे सचिन आणि झरामुद (कुणाल खेमू आणि सायरस ब्रोचा) पोलिसांपासून पळताना एका बुकीची महागडी मोटार पळवतात आणि तिची पार वाट लावतात. महेश मांजरेकरांनी रंगवलेला हा बुकी नुकसानभरपाई म्हणून दोघांना आपल्या चाकरीला जुंपतो. पुढे थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी त्यांची रवानगी दिल्लीला होते. तिथला देणेकरी म्हणजे राहुल विज, अर्थात बोमन इराणी. हा चांगल्या नोकरीतला, नीटनेटके इंग्रजी बोलणारा गृहस्थ आहे आणि पैज लावल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. वसुलीला आलेले स्वतःच कर्जात बुडालेले, ज्याच्याकडून वसूल करायचे त्याच्या मागे दिल्लीतले दुसरे वसुलीवाले, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कुठेतरी दूर, बड्या बुकींच्या आणि खेळाडूंच्या पातळीवर चाललेले ‘सेटिंग’, अशी ही उतरंड आहे. चित्रपटाचे नाव शतकाला एक धाव कमी पडलेल्यांचे आहे. यातले जवळजवळ प्रत्येक पात्र त्या एका धावेसाठी आणखी एक पैज लावायला तयार असते.

या विषयावरचे इतर हिंदी चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे फरक कळतो. वर्षभर आधी, मे २००८ मध्ये, आलेल्या ‘जन्नत’मध्ये सट्टेबाज हा नायक होता. त्याची महत्त्वाकांक्षा, त्याचे प्रेम, त्याची श्रीमंती आणि अखेरचा ऱ्हास अशी ती चढउताराची गोष्ट होती आणि ती चांगली चाललीही. २०१६ मधला ‘अझर’ हा आरोपी कर्णधाराची बाजू मांडणारा चरित्रपट होता. दोन्हींचा सूर गंभीर, आणि दोन्हींची नजर वरच्या मजल्यावर. फिक्सिंग कोण करतो, का करतो, त्याला पश्चात्ताप होतो का, यातच त्यांना रस. सट्ट्याची खरी बाजारपेठ तळमजल्यावर भरते. भाव ऐकून ‘लावणारे’ आणि ‘खाणारे’ तिथे असतात, लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणणारे तिथे असतात, आणि हरलेली रक्कम पुढच्या सामन्यात भरून काढू या आशेवर जगणारेही तिथेच असतात. त्या मजल्यावर कॅमेरा नेला तो या ‘हलक्याफुलक्या’ चित्रपटाने.

विनोदाचा बाज निवडणे ही दिग्दर्शकांची केवळ लहर होती असेही मानण्याचे कारण नाही. मूळ प्रकरणच पाहावे. मार्च २०००च्या एकदिवसीय मालिकेतले पाच सामने कोची, जमशेदपूर, फरिदाबाद, वडोदरा आणि नागपूर येथे झाले. नागपूरच्या १९ मार्चच्या सामन्याआधी क्रोनिएने आपल्या दोन सहकाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला. हर्शेल गिब्सने वीसपेक्षा कमी धावा काढायच्या आणि हेन्री विल्यम्सने पन्नासपेक्षा जास्त धावा द्यायच्या, मोबदला प्रत्येकी पंधरा हजार डॉलर. प्रत्यक्षात गिब्सने ७४ धावा झोडपल्या. विल्यम्सचा खांदा दुखावला आणि तो अकरा चेंडू टाकूनच बाहेर गेला. ‘ठरलेला’ सामना ठरल्याप्रमाणे झालाच नाही. त्याआधी जानेवारीत सेंच्युरियनच्या कसोटीत, पावसात वाहून जाऊ पाहणारा सामना निकाली व्हावा यासाठी डाव सोडून देण्याचा प्रस्ताव क्रोनिएने मांडला, तेव्हा त्याच्या खिलाडू वृत्तीचे गोडवे गायले गेले. नंतर उघड झाले, की त्यामागे एक सट्टेबाज होता आणि कर्णधाराच्या पदरात पडले ते काही हजार रँड आणि चामड्याचे एक जाकीट.

प्रहसनाचा पुढचा अंक सरकारी कचेऱ्यांत रंगला. दिल्ली पोलीस खंडणीच्या एका तपासात दूरध्वनी ऐकत असताना क्रिकेटचे संभाषण त्यांच्या कानी पडले आणि एप्रिल २००० मध्ये गुन्हा नोंदला गेला. क्रोनिएने आधी इन्कार केला, चार दिवसांत कर्णधारपद गमावले, जूनमध्ये किंग आयोगापुढे कबुली दिली आणि २००२ मध्ये विमान अपघातात त्याचा अंत झाला. आरोपपत्र न्यायालयात दाखल व्हायला २०१३ उजाडले. लंडनमधल्या संशयित बुकीला भारतात आणले गेले ते फेब्रुवारी २०२० मध्ये. गुन्हा नोंदवण्यापासून आरोपीला आणण्यापर्यंत वीस वर्षे गेली. त्या काळात त्या घटनेवरचा चित्रपट आला, विसरला गेला आणि ओटीटीच्या जमान्यात त्याचे दिग्दर्शक नामवंतही झाले. या वास्तवाला शोकांतिकेची भारदस्त चौकट मानवली नसती. ‘विषय गंभीर, पण हाताळणी हलकी’ अशी विभागणी करणाऱ्याच्या नजरेतून हे निसटते, की इथे विषयाच्या अंगातच हास्यास्पदता आहे आणि ती दाखवणे हाच प्रामाणिकपणा आहे.

मग गंभीर काय आहे? गंभीर आहे ती वसुली, आणि तिची मुळे कायद्यात आहेत. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते, की पैजेचा करार निरर्थक असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. हेतू उदात्त आहे. न्यायालयांनी जुगाऱ्यांचे मुनीम होऊ नये. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की सट्ट्यातले देणे वसूल करण्याचा एकही सभ्य मार्ग उरत नाही. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. उरतो तो शब्द आणि शब्द न पाळणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस. ‘९९’चे सारे कथानक या एका पोकळीतून जन्मते. सचिन आणि झरामुद दिल्लीला जातात, कारण त्यांचा मालक न्यायालयात जाऊ शकत नाही. राहुल विज पोलिसांकडे धावत नाही, कारण आपणही गुन्ह्यात भागीदार असल्याचे त्याला ठाऊक आहे. ही कोंडी विनोदी आहे, कारण तीत अडकलेला प्रत्येक जण दुसऱ्याला धमकावतो आणि स्वतः कुणाला तरी घाबरतो. त्यांच्यापैकी कुणालाही बाहेर पडायला दार नाही, म्हणून ती भीषणही आहे.

पूर्वार्ध रेंगाळतो या तक्रारीचाही या अंगाने विचार व्हायला हवा होता. चित्रपटाची पकड काही ठिकाणी सैल आहे हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्या सैलपणातले काही भाग वसुलीच्या स्वभावाचे चित्रण आहेत. तीच थाप, तेच ‘उद्या देतो’, पुन्हा तीच फेरी. जुगाऱ्याच्या आयुष्यात घटना पुष्कळ घडतात आणि पुढे काहीच सरकत नाही. परीक्षणाने एवढे वेगळे करून दाखवले असते, की कुठला रेंगाळणारा भाग दिग्दर्शकाचा दोष आहे आणि कुठला विषयाचा धर्म, तर वाचकाच्या हाती ताऱ्यांच्या संख्येपेक्षा काही अधिक पडले असते.

आपल्या परंपरेत हा प्रकार नवा नाही. मराठी रंगभूमीने देवलांच्या संगीत रूपांतरातून आपलासा केलेला ‘मृच्छकटिक’ मूळ शूद्रकाचा. त्याच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक सभिकाला, म्हणजे जुगारअड्ड्याच्या मालकाला, चुकवण्यासाठी एका ओसाड देवळात शिरतो आणि स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. वसुलीला आलेले त्याला ओळखतात, पण उघड बोलत नाहीत. त्याच्यासमोर बसून फासे खेळू लागतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून ‘देवा’ला राहवत नाही आणि तो पकडला जातो. जुगाराच्या व्यसनाचे याहून नेमके निदान क्वचितच कुणी केले असेल, आणि ते केले आहे हसवता हसवता. बोमन इराणींचा राहुल विज या संवाहकाच्याच कुळातला आहे. डोक्यावर कर्ज असताना, मागे माणसे लागलेली असताना, कुठे भाव निघाल्याचे कळले की त्याचे डोळे चमकतात. इराणींच्या अभिनयाची स्तुती सर्वांनी केली. त्या डोळ्यांत काय दिसले हे सांगणे मात्र राहून गेले.

याच परंपरेत दुसरे टोकही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त हा जुगाऱ्याचा विलाप आहे. त्यात दूर गेलेली बायको आहे, मुलाच्या काळजीने झुरणारी आई आहे आणि दुसऱ्यांची सुखी घरे पाहून होणारी तडफड आहे. शूद्रकाचे हसू आणि सूक्तातले दुःख या दोन्ही बाजू मिळून जुगाराचे चित्र पुरे होते. ‘९९’ची खरी मर्यादा इथे सापडते. त्याने हसू नेमके पकडले, घर मात्र ओझरते दाखवले. राहुलच्या पत्नीची भूमिका सिमोन सिंग यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीकडे असूनही तिच्या वाट्याला फार थोडे येते. जुगाऱ्याच्या देण्याचा मोठा हिस्सा ज्या माणसांनी फेडायचा असतो, ती माणसे चौकटीच्या कडेलाच राहतात. शिवाय देणेकरी निवडला तो नोकरदार उच्चभ्रू. पडला तरी तो फार खोल पडणार नाही, असा दिलासा प्रेक्षकाला आधीच मिळतो. रोजंदारीवरचा तरुण त्या जागी असता, तर हेच विनोद तितक्या सहजपणे हसवते ना. चित्रपटाच्या विरोधात मांडण्यासारखा हा मुद्दा लांबीच्या तक्रारीहून कितीतरी वजनदार होता.

समीक्षेकडून एवढी अपेक्षा कशासाठी, असे कुणी विचारील. करमणुकीच्या चित्रपटाची करमणूक मोजावी आणि मोकळे व्हावे. याला उत्तर असे, की क्रिकेटच्या सट्ट्याबाबत आपल्याकडे कायदा, क्रीडासंघटना आणि समाज यांपैकी कुणाचीच भाषा स्पष्ट नाही. जुगार हा राज्यसूचीतला विषय. मॅच फिक्सिंग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून देशाच्या कायद्यात लिहिलेला नाही. मे २०१३च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंग प्रकरणात तीन खेळाडूंना अटक झाली आणि जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये शिफारस केली, की सट्टेबाजी नियमांखाली आणून कायदेशीर करावी आणि मॅच फिक्सिंग हा गुन्हा ठरवावा. विधी आयोगाने २०१८च्या २७६व्या अहवालात याच प्रश्नाचा ऊहापोह केला. दोन्ही अहवाल कपाटात आहेत.

सीमाभागातल्या वाचकांना कर्नाटक प्रीमियर लीगचे प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये त्या स्पर्धेतल्या कथित सट्टेबाजी आणि फिक्सिंगवरून अटकसत्र झाले, त्याची सुरुवात बेळगावच्या नावाने खेळणाऱ्या संघाच्या मालकापासून झाली होती. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यातल्या काही जणांवरील खटला रद्द केला. मॅच फिक्सिंग हा अप्रामाणिकपणा आणि शिस्तभंग असेल, त्यावर क्रिकेट मंडळ कारवाई करू शकते, पण भारतीय दंड विधानाच्या कलम ४२० खालील फसवणुकीत ते बसत नाही, असा तो निर्णय होता. तिकीट काढून सामना पाहणाऱ्याची फसवणूक झाली, असे आपल्याला वाटते. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ती झालेली नसते. ‘९९’मधल्या पात्रांसारखेच आपणही त्या पोकळीत उभे आहोत.

गोव्यात तर ही विसंगती दररोज डोळ्यांसमोर तरंगते. १९७६च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्त्या करून आपण पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर जुगाराला परवाना दिला. त्याच कायद्याखाली आयपीएलच्या हंगामात भाड्याच्या खोल्यांवर छापे पडतात, मोबाइल आणि लॅपटॉप जप्त होतात, तरुण पकडले जातात. जुगार वाईट म्हणून बंदी असेल, तर जहाजे कशाला? महसुलासाठी चालतो असे असेल, तर खोलीतल्या पोराचा गुन्हा नेमका कोणता? या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी, मग पक्ष कुठलाही असो, सरळ उत्तर दिलेले नाही. हिंदी चित्रपटाला गोव्यात मौजमजा तेवढी दिसते. राज-डीकेंचा ‘गो गोवा गॉन’ आणि कुणाल खेमूने दिग्दर्शित केलेला ‘मडगाव एक्सप्रेस’ हे दोन्ही विनोदपट गोव्यात घडतात, पण या विसंगतीच्या वाटेला जात नाहीत. ‘९९’ची नजर घेऊन कुणी पणजीच्या धक्क्यावर उभा राहिला, तर त्याला कथानक शोधत हिंडावे लागणार नाही.

२०२५च्या कायद्याने काय बदलले, हेही नीट पाहिले पाहिजे. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, अशी त्याची रचना आहे. खेळणाऱ्याला बळी मानण्याची ही भूमिका स्वागतार्ह आहे. पण बुकीचा धंदा अॅप येण्याआधीही फोनवर आणि शब्दावर चालत होता. अॅप बंद झाल्यावर तो तसाच चालू शकतो. उघड दार मिटले, तर मागच्या दाराने जाणाऱ्यांची संख्या वाढण्याचा धोका राहतो. तिथे पुन्हा तीच कागद नसलेली उधारी आणि तोच दारात येणारा माणूस. चित्रपटात तो सायरस ब्रोचासारखा भाबडा असतो. प्रत्यक्षात तसा असेलच याची खात्री कोण देणार?

छाप्याच्या बातमीत जप्त मोबाइलांची संख्या असते, रोख रक्कम असते, अटक झालेल्यांची वये असतात. ज्यांनी पैसे लावले आणि गमावले त्यांच्याविषयी तीत एक ओळही नसते, कारण ते पोलिसांच्या कागदावर येतच नाहीत. ते सापडतात पतपेढीच्या थकबाकीत, गहाण टाकलेल्या दागिन्यांत, दुकान का मोडले याच्या दबक्या चर्चेत. बातमीच्या हातून सुटलेली ही माणसे कथा-चित्रपटांनी पकडायची असतात आणि ती पकडली गेली की नाही, हे समीक्षेने तपासायचे असते. ‘९९’ने त्यांतला देणेकरी पकडला, वसुलीवालाही पकडला. आपण मात्र ‘धमाल आहे, थोडा लांबला आहे’ एवढे म्हणून तिकिटाचे पैसे वसूल झाल्याची पावती फाडली.

सट्ट्यावरचा पुढचा चित्रपट किंवा मालिका येईल, आणि ती येणारच, तेव्हा तिच्या परीक्षणात विनोदाची नोंद जरूर व्हावी, अभिनयाची आणि लांबीचीही व्हावी. त्याबरोबर एवढे विचारले जावे, की हरलेल्याचे पैसे शेवटी कुणी भरले आणि ते माणूस पडद्यावर दिसले का.